लाईट आल्याचं कळावं म्हणून

कुणाच्याही घरी गेले की मी आधी बटण शोधते. पाणी पुढं येतं, बस म्हणतात, मी बसते, पण डोळे भिंतींवरून फिरत असतात. गोठा कुठं आहे, गोठ्यात कुट्टी मशीन आहे का, असलं तर त्याचं बटण कुठल्या भिंतीला आहे, मशीनपुढं उभ्या असलेल्या बाईचा हात तिथवर पोचतो का. एवढं कळेपर्यंत मला चहा गोड लागत नाही.

परवा कामथडीला नात्यातल्या बारशाला गेले होते. सगळ्या बायका पाळण्याभोवती आणि मी मागच्या दारानं गोठ्यात. मशीनचं झाकण काढून त्याच्यात मिरच्या वाळत घातलेल्या, पातं उघडं आणि बटण पार आतल्या खोलीत, फ्रीजच्या मागं. घरची बाई घुगऱ्या वाटत होती, तिला मी तिथंच धरलं. म्हटलं, आधी ते झाकण बसवा, मिरच्यांना सूप घ्या. ती हसली आणि माझ्या नवऱ्याकडं बघून म्हणाली, "दाजी, हिला जरा दम धराय सांगा की. बाळाचं नाव तरी ठिऊ द्या."  परत येताना वरव्याच्या फाट्याला आल्यावर नवरा म्हणाला, "तुला आता लोक बोलवायचे बंद हुतील."

होऊ देत. आमच्या वरव्यात मला मागून बटणवाली म्हणतात, हे मला ठाऊक आहे. आणि असं का, हेही लोक एकमेकांना सांगायचे: हिच्या थोरल्या जावेचा हात मशीनमध्ये गेला, हिनं डोळ्यांनी बघितलं, तेव्हापासून बिचारीच्या मनानं घेतलंय. लोक कळवळून सांगायचे. सहा वर्षं मी ते सांगू दिलं.

ज्यांच्याकडं जनावरं नाहीत त्यांच्यासाठी सांगते. कुट्टी मशीन म्हणजे कडब्याचे आणि गवताचे बारीक तुकडे करणारं यंत्र. पुढच्या तोंडातून वैरण आत सारायची, दोन दातेरी रोलर ती ओढून घेतात आणि त्यांच्या पलीकडं चाकावर फिरणारं पातं ती कापतं. रोलरला वैरण कुठली आणि बोटं कुठली हे कळत नाही. वैरण ओली असली की दात्यांत गुंडाळून बसते आणि मशीन अडतं. मग ती हातानं उपसावी लागते. आमच्याकडं तेव्हा दोन म्हशी आणि तीन गाया होत्या, म्हणजे दिवसातून दोन वेळा मशीनपुढं उभं राहणं आलं. ते काम आम्हा दोघी जावांचं. पुरुषांनी मशीन आणलं, जोडलं, खंडेनवमीला झेंडू घातला, आणि तिथं त्यांचं काम संपलं.

थोरल्या जावेला मी आक्का म्हणते. मी वेल्ह्याकडच्या डोंगरातली, बारावी झालेली, लग्न होऊन इथं आले तेव्हा मला धारसुद्धा नीट काढता येत नव्हती. वेल्ह्यात आमच्याकडं भातं आणि थोड्या शेळ्या होत्या, म्हशीशी कधी गाठ नाही. आक्कानं मला सगळं शिकवलं, आणि शिकवताना कधी चारचौघांत हसली नाही. मी घाईची. एक काम हातात असताना दुसऱ्याकडं मान वळलेली. ती सावकाश. दार लावलं की हात लावून बघायची, चूल विझली की वर पाणी मारायची, आणि मशीनपासून हलायचं झालं तर बटण बंद करायची. लाईट गेलेली असली तरीही बंद करायची.

आमच्या आळीत तसं कुणी करत नव्हतं. उलट पद्धत अशी होती की लाईट गेली तर मशीनचं बटण चालूच ठेवायचं आणि दुसऱ्या कामाला लागायचं. कारण साधं होतं. लाईट कधी येईल आणि किती वेळ राहील, काही नेम नाही. घरातला दिवा लागला तरी दुपारच्या उन्हात तो दिसत नाही. मशीन मात्र लाईट आल्याआल्या घरघरायला लागतं आणि साऱ्या आळीला ऐकू जातं. मग हातातलं टाकून पळत जायचं आणि वैरण उरकून घ्यायची. एका घरचं मशीन ओरडलं की चार घरच्या बायका पळायच्या. आम्हाला ही आमची हुशारीच वाटायची. आक्का चिडायची. "आगं, ते मशीन हाय, कोंबडा न्हाई आरवायला," म्हणायची. मी हसायचे. आणि ती बांधाला गेली की बटण चालू करून ठेवायचे.

तो गुरुवार होता. गुरुवारी आमच्याकडं लाईट जायचीच, त्यात विशेष काही नव्हतं. सकाळी अकराच्या सुमाराला आक्का मशीनवर होती. ओला हत्ती घास होता, लांब आणि चिकट. मशीन एकदा अडलं, तिनं उपसलं, पुन्हा लावलं, पुन्हा अडलं, आणि तेवढ्यात लाईट गेली. तिनं पडवीत येऊन बटण बंद केलं. बटण पडवीच्या भिंतीला, मशीन अंगणापलीकडं गोठ्यात. मी स्वयंपाकघराच्या दारात पीठ मळत बसले होते. तिचा हात बोर्डावर गेलेला मी बघितला. खट् असा आवाजही ऐकला. ती म्हणाली, "म्या वड्याकडनं भारा घिऊन येते, तवर भाकरी उरक," आणि गेली.

दीर आणि नवरा दोघंही नसरापूरला गेले होते. म्हशी वैरणीसाठी दाव्याला हिसके देत होत्या. मला वाटलं, ही यायला अर्धा तास तरी लागेल, मधेच लाईट आली तर मी उरकून टाकीन. तव्यावर भाकरी टाकायच्या आधी मी उठले आणि पिठाच्या हातानं बटण दाबलं. लाईट आल्याचं कळावं म्हणून. एवढंच.

ती लवकर परत आली. ओढ्याकडं गेलीच नव्हती, अलीकडच्याच बांधावर तिला घास मिळाला. मला ती आलेली कळलीही नाही, कारण गोठ्याला मागून वाट आहे. तिनं भारा टाकला आणि बघितलं की मशीनच्या तोंडात मघाचा घास तसाच अडकलाय. बटण आपण स्वतःच्या हातानं बंद केलंय. शिवाय लाईट नाही. मग तिनं उजवा हात आत घातला आणि रोलरच्या दात्यांत बसलेला चोथा ओढून काढायला लागली.

माझ्या डोक्यावरचा पंखा फिरला. मला बरं वाटलं, हे मी लिहिलंच पाहिजे. गोठ्यातून घरघर आली आणि मी स्वतःशी म्हणाले, चला, आली. भाकरी उलटून मग जाते. भाकरी उलटली. तेव्हा ती ओरडली.

मी धावत जाऊन बटण बंद केलं. मग गोठ्यात गेले. रोलर मागं फिरवायचा एक दांडा मशीनला असतो, तो ओढला की अडकलेली वस्तू बाहेर येते. दुकानदारानं तो पुरुषांना दाखवला होता. आम्हा दोघींना, ज्या दिवसातून दोन वेळा तिथं उभ्या राहायच्या, तो कुणी दाखवला नव्हता आणि आम्ही विचारला नव्हता. मी नुसतीच ओरडत राहिले. शेजारचे म्हातारे आले, त्यांनी चाक हातानं उलटं फिरवलं. आक्काला शुद्ध होती. ती मला म्हणाली, "भाकरी जळतीय बग."

दुधाचा टेम्पो समोरच्या घरी उभा होता, त्यातून नसरापूर, तिथून गाडी बदलून पुणं. कुणीतरी तुटलेला भाग दुधाच्या किटलीत घातला आणि नसरापूरच्या चौकातल्या रसवंतीवरून बर्फ आणून वर ओतला. डॉक्टर तरुण होता, चिडला. म्हणाला, असं थेट बर्फात कधी टाकू नये, स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळून पिशवीत बंद करायचं आणि मग ती पिशवी बर्फावर ठेवायची.  मग त्यालाच वाईट वाटलं असावं. म्हणाला, पण यात तसाही काही इलाज नव्हता, सगळा चुराच झालेला आहे. कोपराच्या खाली वीतभर हात उरला.

दीर तिथंच पहिल्यांदा म्हणाले. मोठ्यानं नाही, नुसतं भिंतीला टेकून म्हणाले, "येक बटन. येक बटन बंद करता येऊ नये माणसाला." आणि मग माझ्याकडं बघून म्हणाले, "तू व्हतीस म्हणून वाचली. पळत जाऊन बंद केलंस, न्हाईतर खांद्यापत्तुर गेली असती." नवऱ्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला. तेव्हा बोलायचं होतं. माझं तोंड उघडलंही असेल. पण आत तिचं ऑपरेशन चालू होतं, मी घाबरलेले होते, आणि सगळे माझ्याकडं इतक्या मायेनं बघत होते. मी गप्प बसले. दुसऱ्या दिवशी बोलणं जास्त अवघड झालं आणि महिन्यानंतर तर अशक्यच. असलं गप्प बसणं एकदा अंगवळणी पडलं की माणूस त्यावर जेवतो, झोपतो, सणवार करतो. मी केले.

शुद्धीवर आल्यावर आक्काला सगळ्यांनी विचारलं, बटण बंद केलं नव्हतंस का? ती म्हणाली, "केलं व्हतं." मग थोड्या वेळानं म्हणाली, "केलंय आसं वाटतंय." घरी आल्यावर म्हणाली, "न्हाई केलं आसंल. चालू झालं म्हंजी न्हाईच केलं." मी शेजारी बसून तिला भात भरवत होते.

ती डाव्या हातानं सगळं शिकली. धार काढते, अर्ध्या हातानं पेंढी दाबून धरते, केस विंचरते, फक्त वेणी मला घालायला सांगते. हाताबद्दल तिची तक्रार मी फार ऐकली नाही. तिचं बिघडलं ते दुसरंच. तिचा स्वतःवरचा भरवसा गेला. रात्री गॅस बंद केला का हे ती तीनदा बघायची आणि चौथ्यांदा मला बघायला लावायची. कुलूप लावून फाट्यापर्यंत गेलेली बाई परत यायची. एसटीनं एकटी भोरला जाणं तिनं सोडलं, कारण उतरताना पिशवी घेतली का, याची तिला खात्री वाटेना. तेव्हा तिचं वय पंचेचाळीसही नव्हतं. पूर्वी आळीतल्या बायका घराच्या किल्ल्या तिच्याकडं ठेवून लग्नाला जायच्या. आता ती म्हणायची, "माज्याकडं नगा बाई देऊ. माजं ध्यान नसतंय." आणि दीर, जे मनानं वाईट नाहीत, ते प्रत्येक वेळी तेच म्हणायचे. दूध उतू गेलं की येक बटन. मीठ जास्त झालं की येक बटन. मशीननं तिचा हात घेतला होता. बाकीचं मी घेतलं होतं आणि परत देत नव्हते.

मग मी काय केलं, तर गावभर फिरले. आधी घरचं मशीन. वायरमनला बोलावून बटण गोठ्यात घेतलं, मशीनपुढं उभं राहून डावा हात लांब केला की लागेल असं. झाकण बोल्टनं आवळून टाकलं, खंडेनवमीलाही काढू देत नाही, हळदकुंकू झाकणालाच लावते. वैरण सारायला बाभळीचा हातभर दांडा करून घेतला, म्हणजे हात तोंडापाशी न्यायलाच नको. अडलं तर बटण बंद, वर मशीनच्या वायरची पिनसुद्धा बोर्डातून काढायची, ती आपल्या कमरेला खोचून ठेवायची आणि मगच उपसायचं. पिन कमरेला असली की दुसरं कुणी कितीही शहाणं असलं तरी मशीन चालू करू शकत नाही. ही शेवटची युक्ती माझी स्वतःची आणि ती मला कुठून सुचली, हे मला कुणी विचारलं नाही.

नवरा हमरस्त्याच्या बाजूच्या एका छोट्या कारखान्यात प्रेसवर आहे. वरून ठोका पडतो आणि पत्र्याला आकार येतो. त्या प्रेसला दोन बटणं असतात, दोन्ही हातांनी एकदम दाबल्याशिवाय ठोका पडत नाही, म्हणजे ठोक्याच्या वेळी दोन्ही हात बाहेर राहतात. एकदा डबा द्यायला गेले तर यांच्या प्रेसचं एक बटण सायकलच्या ट्यूबनं आवळून कायमचं दाबलेलं. एका हातानं बटण, दुसऱ्या हातानं पत्रा, काम भराभर. मी सगळ्या लोकांसमोर ती ट्यूब कोयत्यानं कापली. कोयता घास कापून येताना कमरेलाच होता. नवऱ्यानं संध्याकाळी घरी येऊन रिकामा डबा आदळला. पण ट्यूब पुन्हा बांधली नाही, हे मी जाऊन बघून आले.

वेल्ह्यात भावाच्या खळ्यावर मळणी यंत्र आलं होतं. भावाच्या गळ्यात टॉवेल, त्याची दोन टोकं लोंबत, वहिनीच्या हातात मळके हातमोजे. मी म्हटलं, टॉवेल काढ, मोजे काढ, मशीनपुढं सैल काही नको, मोजा अडकला तर हातासकट जातो. भाऊ म्हणाला, "तू हितं मदतीला आलीस का तपासणीला?" मी म्हटलं, तपासणीला. भाचीनं माझा व्हिडिओ काढला आणि मोबाईलवर सगळ्या पाहुण्यांना पाठवला. मला राग आला नाही. त्या फिरण्यानं मला बरं वाटायचं, पण ते बरं वाटणं घरी येऊन दाराची कडी काढेपर्यंतच टिकायचं. आत आक्का गॅसपाशी उभी असायची. "बग गं, बंद हाय का?"

यंदाच्या पावसाळ्याआधीची गोष्ट. आक्काची मुलगी भोरला दिली आहे, तिला पहिल्यांदाच दिवस गेलेले. पहिलं बाळंतपण आईच्या घरी होतं, त्यात कुणी कुणाला विचारायचं नसतं. सातव्या महिन्यात पोरीचा फोन आला, मला न्यायला कधी येताय? आक्कानं फोन डाव्या हातात धरला होता आणि ती म्हणाली, "तू तितंच ऱ्हा. सासू चांगली हाय तुजी." पोर म्हणाली, असं कसं. आक्का म्हणाली, "माजा भरवसा न्हाई गं बाय. बाळाचं पानी, शेक, धुरी, लई इस्तवाचा खेळ असतोय. माज्या हातनं काय चालू ऱ्हायलं तर?" पलीकडून रडण्याचा आवाज मला पडवीत ऐकू आला. पोर काय म्हणाली ते कळलं नाही, पण आक्कानं फोन ठेवला आणि पदरानं डोळे पुसले.

दीर बाजेवर चहा पीत होते. ते म्हणाले, "बरुबर हाय तिचं. येक बटन जिला..."

"भावजी, बटन आक्कांनी बंद केलं व्हतं," मी म्हणाले.

मी हे शांतपणे म्हणाले नाही. किंचाळलेच. कप दिरांच्या हातात तसाच राहिला. मी पुढं सगळं बोलून टाकलं, एका दमात, कारण थांबले असते तर पुन्हा सहा वर्षं गेली असती. त्यांनी बंद केलं, मी बघितलं, त्या भाऱ्याला गेल्या, मी उठून चालू केलं, लाईट आल्याचं कळावं म्हणून. आणि पळत जाऊन मी बंद केलं म्हणून तुम्ही सगळे मला चांगलं म्हणत राहिलात.

दिरांनी कप खाली ठेवला. माझ्याकडं बघितलं नाही, आक्काकडंही नाही. पायात चप्पल घालून ते गोठ्याकडं गेले आणि अंधार पडेपर्यंत तिकडंच राहिले. आक्का मात्र जवळ आली. मला वाटलं, मारते. मारलं असतं तर मी खाली बसून मार खाल्ला असता.

"म्या बंद केलं व्हतं?" ती म्हणाली.

"व्हय."

"तू बगितलंस? का मला बरं वाटाय म्हनतीस?"

"माज्या डोळ्यांनी बगितलं. आवाजबी आला. बटन बंद व्हतं, म्या खाली दाबलं."

"पुन्यांदा सांग."

मी पुन्हा सांगितलं. तिनं मला तिसऱ्यांदा सांगायला लावलं, आणि ती माझ्या तोंडाकडं अशी बघत होती की मी काय केलं यात तिला काडीचा रस नव्हता. तिला स्वतःचा हात बोर्डावर गेलेला बघायचा होता. मग ती उंबऱ्यावर बसली. पदर डोक्यावरून घसरला तो तिनं घेतला नाही.

"म्या रोज रातच्याला आठवायची," ती म्हणाली. "बोट लावलं का न्हाई, बोट लावलं का न्हाई. मला खट् ऐकू यायचं. आन म्या म्हनायची, खोटं हाय, मनाचं खेळ हायेत. त्या हाताला म्या किती शिव्या घातल्या असतील गं. मेल्या, येवडं साधं काम तुज्याच्यानं झालं न्हाई, गेलास ते बरं झालं, म्हनायची. त्यानं तर केलं व्हतं."

मी तिचे पाय धरायला वाकले. तिनं पाय आत घेतले. रागानं नव्हे, वाटेतली वस्तू बाजूला सारावी तसे. मग तिनं फोन उचलला, डाव्या अंगठ्यानं मुलीचा नंबर लावला आणि म्हणाली, "ये गं. हितंच ये. आईतवारी बाबा येतील न्यायला." पोरीनं काहीतरी विचारलं असावं. आक्का म्हणाली, "आगं, म्या बंद केलं व्हतं." पोरीला त्यातलं काय कळलं असेल, देव जाणे. आक्का हसत होती आणि रडतही होती. मी तिथं होते, पण त्या बोलण्यात मी कुठंच नव्हते.

त्यानंतर आक्कानं मला एकदाही गॅस बघायला सांगितलं नाही. बायकांनी पुन्हा किल्ल्या आणून दिल्या, तिनं ठेवून घेतल्या. दिरांनी ते दोन शब्द पुन्हा उच्चारले नाहीत, आणि दुसरंही फारसं काही ते बोलत नाहीत. आळीत सगळ्यांना कळलं. मला अजून बटणवाली म्हणतात, पण आता म्हणताना आवाज खाली करतात. कामथडीच्या त्या बाईला आपण कुणाचा उपदेश ऐकला हे एव्हाना कळलं असेल. झाकण तिनं बसवलंय का, ते मात्र मला जाऊन बघायचं आहे. तोवर मला स्वस्थ बसवत नाही.

पोर आली, बाळंत झाली, मुलगी झाली. आक्का पाटावर बसते, दोन्ही पाय लांब करते, बाळाला पायांवर पालथं घेते, अर्ध्या हातानं मानेपाशी आधार देते आणि डाव्या हातानं तेल लावते. आळीतल्या बायका बघायला येतात. पाणी आणून द्यायचं काम माझं. मी बादलीत गरम आणि गार मिसळते, कोपर घालून बघते, पुन्हा बघते, आणि बादली तिच्याजवळ ठेवते.

"बगितलंय आक्का," मी रोज सांगते. "कोमट हाय."

पूर्वी मी तिच्या अंघोळीला आणलेलं पाणी ती तसंच ओतून घ्यायची. आता ती बाळावरचा हात काढते, पुसते, बादलीत घालते, आणि वर न बघता म्हणते, "ऱ्हाऊ दे. म्या बगते."